आठ दिवसांच्या सेवाभेटीला निघण्यापूर्वी: यजमान मंडळीसोबत काम कसं करावं

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की पुणे, मुंबई, नाशिक, अहिल्यानगरच्या मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये, तरुण संघाच्या बैठका सुरू होतात. यंदा सेवेला कुठं जायचं? कुणी मेळघाट म्हणतं, कुणी डहाणू-तलासरी, कुणी नंदुरबार. गाडी ठरते, टी-शर्ट छापायला जातात, नाटिका बसवली जाते, मुलांसाठी रंगखडू आणि बिस्किटांचे पुडे बांधले जातात. आणि सगळं झाल्यावर तिथल्या पाळकांना फोन जातो: "आम्ही अमुक तारखेला येतोय."

हा लेख त्या फोनची जागा बदलण्यासाठी आहे. फोन सगळ्यात आधी झाला पाहिजे, आणि त्यात सांगण्याऐवजी विचारलं पाहिजे.

उदाहरण म्हणून मी नंदुरबार जिल्हा घेतला आहे. तो महाराष्ट्रातच आहे, तरी शहरी मराठी ख्रिस्ती माणसासाठी ती वेगळी दुनिया आहे. नवापूरकडे घराघरांत मावची बोलली जाते, सातपुड्यात पावरी आणि भिली. मराठी ही तिथं शाळेची आणि कचेरीची भाषा. तुम्ही दुसरीकडे कुठं जात असाल तर गावांची आणि भाषांची नावं बदला, पायऱ्या त्याच राहतील. या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती मी अगदी मनापासून मानतो: जे तिथं राहणार आहेत त्यांनी ठरवायचं, जे आठवड्याने परत जाणार आहेत त्यांनी त्याप्रमाणे वागायचं.

पहिली पायरी: त्या मंडळीचा इतिहास विचारा

शहरातून निघताना अनेकांच्या मनात असतं की आपण सुवार्ता घेऊन चाललो आहोत. नंदुरबारच्या बाबतीत ही समजूतच चुकीची आहे. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार-धुळे पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्कँडिनेव्हियन मिशनरी आले होते. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशकं आदिवासी रुग्णांची सेवा करत आलं आहे. त्या भागात अशी घरं आहेत जिथं ख्रिस्ती श्रद्धेची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. ज्या आजीला तुम्ही 'येशूबद्दल सांगायला' बसता, ती तुमच्या जन्माआधीपासून उपवास करून प्रार्थना करत आलेली असते.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नका. वडीलमंडळींना विचारा की ही मंडळी कशी सुरू झाली, पहिले पाळक कोण होते, उपासनाघर कुणी बांधलं, कुठल्या वर्षी फार सोसावं लागलं. आणि ऐका. वही घेऊन बसलात तरी चालेल, म्हाताऱ्या माणसांना ते आवडतं.

स्वतःचा इतिहासही माहीत असू द्या. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. त्यांना पाठवणाऱ्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले. स्थानिक मंडळ्या स्थानिक पाळकांच्या हाती द्याव्यात, त्या स्वतःच्या बळावर उभ्या राहाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. आग्रह कागदावर लवकर उतरला, वागण्यात उतरायला पिढ्या गेल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त मराठी केला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून स्वतंत्र वाट धरली. एवढ्या मोठ्या माणसालाही परक्यांच्या पगारी चौकटीत गुदमरल्यासारखं झालं, हे आपण विसरता कामा नये. कारण पुण्याहून नवापूरला जाताना त्या चौकटीच्या पलीकडच्या बाजूला आपण असतो. पैसा आपल्याकडे, गाडी आपल्याकडे, माईकही आपल्याच हातात.

१९१० च्या जूनमध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायाह नावाचे तिरुनेलवेलीकडचे तरुण पाळक उभे राहिले. तुम्ही गरिबांना अन्न देण्यासाठी आपली मालमत्ता दिली, आपली शरीरंही दिली, आता आम्हाला मित्र द्या, असं ते युरोप-अमेरिकेच्या मिशनरी नेत्यांना म्हणाले. हे भाषण अनेकांना ठाऊक असतं. त्यांचं काम तितकं ठाऊक नसतं. अझरायाह स्वतः तमिळ होते, आणि तेलुगू मुलखात दोर्नकलला जाऊन तेलुगू शिकून राहिले. १९१२ मध्ये ते तिथले बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. एका भारतीयाने दुसऱ्या भाषेच्या भारतीयांत जाऊन काम कसं करावं, याचा धडा आपल्याच देशात आहे.

दुसरी पायरी: विचारा, आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. निदान तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

अडचण अशी की तुम्ही विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार. पाहुण्याला नको म्हणणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही, आणि शहरातल्या मोठ्या मंडळीला नको म्हणणं तर गावातल्या पाळकांना आणखी जड जातं. पुढच्या वर्षी पत्र्यासाठी मदत हवी असते, मुलाच्या शिक्षणासाठी ओळख हवी असते. म्हणून प्रश्न असा करा की नकार देणाऱ्याची मान खाली जाणार नाही. साधारण असा निरोप पाठवता येईल:

"पाळकसाहेब, जय ख्रिस्त. आमच्या तरुण संघातले सहा-आठ जण तुमच्या मंडळीला भेटावं असं म्हणतात. आम्ही यावं का, आणि यावं तर कधी व कशासाठी, हे तुम्ही वडीलमंडळींशी आणि महिला मंडळाशी बोलून सांगा. घाई काही नाही. यंदा सोयीचं नसेल तर तसं मोकळेपणाने कळवा, आपल्या नात्यात त्यानं काही फरक पडणार नाही. पुढच्या महिन्यात मी फोन करतो."

महिला मंडळाचा उल्लेख मुद्दाम आहे. पाहुणे आले की चूल कोण पेटवतं? अठरा जणांचा गट पाच दिवस राहिला तर दोन वेळचं जेवण, चहा, आंघोळीचं पाणी हे सगळं चार-पाच बायकांच्या अंगावर येतं. मी एका गावात पाहिलं आहे, महिलांसाठी म्हणून ठेवलेल्या सभेच्या वेळी निम्म्या महिला मागच्या बाजूला भाकऱ्या थापत होत्या. आत शहरातल्या ताई 'स्त्रीचं स्थान' या विषयावर बोलत होत्या आणि बाहेर धुरात बसलेल्या बाईला त्यातला एक शब्द ऐकू जात नव्हता. गट लहान ठेवा. आठ माणसं पुष्कळ झाली. स्वयंपाकाला तुमच्यातले दोघं रोज बसतील, आणि त्यात मुलगेही असतील, हे आधीच कळवा.

तारीख त्यांच्या कामाच्या दिवसांप्रमाणे ठरते. नंदुरबारमधली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तुमच्या दिवाळीच्या सुट्टीत गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच उरलेली असू शकतात. नवापूरकडे भात होतो, त्यामुळे पाऊस लागला की रोपणीचे दिवस सुरू होतात आणि तेव्हा कुणाला सभेला बोलावणं म्हणजे त्याचा दिवस बुडवणं. मे महिन्यात लग्नसराई आणि पाण्याची ओढ. फाल्गुनात सातपुड्यात होळीचे दिवस असतात आणि सगळा मुलूख त्यात असतो. हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. तुमची कॉलेजची सुट्टी आणि त्यांचा मोकळा आठवडा जुळत नसेल तर शनिवार-रविवार धरून तिघांनीच जाऊन या.

तिसरी पायरी: काम त्यांनी मागितलेलं असावं

बहुतेक गट आपल्याला येतं ते घेऊन जातात. नाटिका बसवली आहे म्हणून नाटिका. रंग द्यायला मजा येते म्हणून भिंतींना रंग. भिंत रंगवणारी माणसं गावात असतात, आणि त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळाली तर दोन कामं होतात.

मंडळ्यांना काय हवं असतं हे विचारलं की उत्तरं साधी येतात. उपासनाघराच्या ट्रस्टचे हिशोब नीट कसे ठेवायचे. दहावी-बारावीनंतर मुलांनी कुठं अर्ज करायचा, वसतिगृह कुठं मिळेल, जातपडताळणीचे कागद कसे जमवायचे. ढोलकी आहे, पण कीबोर्ड शिकवायला कुणी नाही. रविवार शाळेच्या शिक्षिकांना प्रशिक्षण. यातलं एकही काम फोटोत छान दिसत नाही. तरी हीच करा.

व्ही. बी. एस., म्हणजे मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायचीच असेल तर मुलांसमोर तुम्ही उभे राहू नका. आधीच्या दोन दिवसांत गावातल्या शिक्षिकांसोबत बसून पाठ तयार करा, मुलांना त्यांनीच शिकवू द्या, तुम्ही मागे बसून कागद कापा. मुलांच्या मनात 'बायबल शिकवणारी माणसं पुण्याहून येतात' असं बसलं तर वर्षभर रविवारी शिकवणाऱ्या त्यांच्या मावशीची किंमत आपण कमी केली.

वैद्यकीय शिबिराबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण त्यात नुकसान होऊ शकतं. नोंदणीकृत डॉक्टर बरोबर असल्याशिवाय औषधाची एक गोळीही देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटा आणि आशाताईंना विचारा की गावात काय चाललं आहे. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. तुमच्या शिबिरात एखाद्या मुलीची चाचणी सिकलसेलची निघाली तर पुढं तिला कोण बघणार, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, नवऱ्याला आणि सासूला कोण समजावणार? या प्रश्नाचं उत्तर निघण्यापूर्वी तयार नसेल तर चाचणी करू नका. जवळच्या रुग्णालयाने किंवा आरोग्य केंद्राने ठेवलेल्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसणं हे त्यापेक्षा चांगलं काम आहे. आणि उरलेल्या औषधांच्या पट्ट्या पाळकांच्या घरी ठेवून येऊ नका. रात्री-बेरात्री लोक त्यांच्याकडेच मागायला येतात आणि भलतीच जबाबदारी त्यांच्यावर पडते.

चौथी पायरी: पैशाचं उघड बोला

पैशाबद्दल बोलायला आपण लाजतो, आणि त्या लाजेची किंमत यजमान मोजतात. पाहुणे आले म्हणून कोंबडी कापली जाते, तांदूळ उसना आणला जातो, आणि जाताना गटप्रमुख पाळकांच्या हातात पाकीट ठेवतो. त्यात किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग पाळकांनी ते किती दाखवलं आणि किती ठेवलं यावर गावात कुजबुज सुरू होते. भल्या माणसाचं नाव असं खराब होताना मी पाहिलं आहे, आणि पाकीट देणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून जाण्याआधी जेवणाचा, राहण्याचा, वीज-पाण्याचा खर्च माणशी किती येईल हे खजिनदारांकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम आठवडाभर आधी मंडळीच्या बँक खात्यावर पाठवा. दुभाष्याचे आणि स्वयंपाकाला बसणाऱ्या बायकांचे मजुरीचे दिवस बुडतात, त्यांचं मानधन त्यातच धरा. देणगी द्यायची तर ती वेगळी, पावतीवर, वडीलमंडळींना कळवून. वैयक्तिक कुणी काही मागितलं तर, आणि मागतील, कारण गरज खरी असते, गटातल्या कुणीही खिशातून परस्पर काढून द्यायचं नाही. "मी वडीलमंडळींशी बोलतो" एवढं उत्तर पुरे, आणि मग खरोखर बोला.

जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नका. कुणाला कपडे लागत असतील तर पाळक तसं सांगतील, आणि मग ते तिथल्याच आठवडे बाजारातून घ्या.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी: ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्यांनी दिलेली देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली विदेशी योगदान धरली जाते. ती फक्त त्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातूनच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो पैसा दुसरीकडे वळवणंही बंद झालं आहे. गावातल्या पाळकांच्या हातात डॉलर ठेवून तुम्ही निघून जाल, चौकशीला सामोरं जावं लागेल त्यांना. भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेतून पाठवलेला पैसा यात येत नाही. शिवाय टुरिस्ट व्हिसा धर्मकार्यासाठी नसतो, आणि ओसीआय कार्डधारकांना मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. ही अट २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. मंडळीत मागच्या बाकावर बसून उपासनेत भाग घेणं आणि सभा घेणं यात कायदा फरक करतो, तो फरक पाळा.

पाचवी पायरी: गावातलं सहजीवन तुमच्यामुळे बिघडू नये

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. सातपुड्यात गेलात की मध्य प्रदेशची हद्दही दूर राहत नाही. गुजरात आणि मध्य प्रदेश, दोन्हीकडे धर्मांतरासंबंधी कडक कायदे आहेत. आपल्या राज्यातलीही ताजी स्थिती निघण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारून घ्या. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ ने दिला आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हे प्रत्येक गटप्रमुखाला माहीत असलं पाहिजे.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गोळी, वही, चादर, काहीही देताना त्याला प्रार्थनेची अट नसावी, अटीचा वासही नसावा. शिबिराच्या रांगेत पत्रकं वाटू नका. आजारी माणसाने स्वतः म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर गावातल्या पाळकांना बोलवा.

एकाच घरात एक भाऊ ख्रिस्ती आणि दुसरा देवमोगरा मातेला जाणारा, असं तिथं सर्रास असतं. दोघं एकाच शेतात राबतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात उभे राहतात. साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगताना, याहामोगी (हीच देवमोगरा माता), होळी, पूर्वजांची पूजा यांच्याविषयी तुच्छतेचा एक शब्दही तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही गाडीत बसून निघून जाता आणि त्या शब्दाचा हिशोब ख्रिस्ती भावाला द्यावा लागतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, पण धर्म बदललेल्या आदिवासींना त्या यादीतून काढावं अशी मागणी जोरात असते. अशा वातावरणात "आमच्या सभेत इतक्या आदिवासींनी ख्रिस्ताला स्वीकारलं" अशी पोस्ट टाकणं म्हणजे त्या कुटुंबांना संकटात लोटणं आहे. असे आकडे मोजूच नका.

सरपंच आणि पोलीस पाटील यांना पाळकांसोबत जाऊन भेटा, कोण आहोत, किती दिवस आहोत ते सांगा. आणि उत्साहाच्या भरात 'इथं आपण जमीन घेऊन सेंटर बांधू' असं बोलू नका. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जायला कायद्याने कडक बंधनं आहेत, आणि ती योग्य कारणासाठी आहेत.

सहावी पायरी: बोलणं, गाणं, बसणं, खाणं

मावचीतले किंवा पावरीतले दहा-पंधरा शब्द शिका. आलो, जेवलो, बरं वाटलं, बस, तुझं नाव काय. ते गावातल्या मुलांकडून शिका, ती न कंटाळता शिकवतात.

दुभाष्या हा गटाचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. बहुतेक वेळा तो शाळेतला शिक्षक किंवा पाळकांचा मुलगा असतो. आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसा, वचनं आधी द्या, संदेशातली उदाहरणं सांगून बघा. लिफ्ट, ईएमआय, मॉल यातलं काय राहू द्यायचं ते तो सांगेल. एकदा आमच्यातला एक तरुण म्हणाला, "देवाचं नेटवर्क कधी जात नाही." दुभाष्या क्षणभर थांबला, मग त्याने बरंच काही सांगितलं आणि समोरची माणसं माना डोलवायला लागली. नंतर मी विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, "इथं फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागतं. देवाला हाक मारायला चढावं लागत नाही, घरातूनही ऐकू जातं, असं सांगितलं." संदेश त्यानेच दिला होता, आणि तो आमच्यापेक्षा चांगला होता. अशा माणसाला फक्त दुभाष्या म्हणून उभं करू नका. एका संध्याकाळी त्यालाच बोलू द्या, आणि तुम्हाला समजावं म्हणून मराठीत थोडक्यात सांगायला सांगा.

बोलताना एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. शाब्दिक कोट्या टाळा.

गाण्यांच्या बाबतीत मोह आवरा. शहरातला गट गिटार काढतो आणि हिंदी-इंग्रजी गाणी सुरू होतात, आणि गावातली पोरं आपली गाणी बाजूला ठेवून ती गायला लागतात. त्यांच्या भाषेत, त्यांच्या ढोलाच्या ठेक्यावर गाणी आहेत. ती आधी मागवून पाठ करा. उपासनेत त्यांच्या तीन गाण्यांमागे तुमचं एक, तेही त्यांनी म्हटलं तरच. टिळकांनी कीर्तनाचा बाज घेतला तेव्हा आपल्याला आपला ख्रिस्त भेटला, मग मावची माणसाला त्याच्या ढोलावर का भेटू नये?

खुर्च्या आणल्या जातील आणि तुम्हाला पुढं बसवलं जाईल. म्हातारी माणसं जमिनीवर असतील तर तुम्हीही खाली बसा, फार आग्रह झाला तर एकदा मान ठेवून खुर्चीवर बसा आणि मग उठा. जेवण वाढलं ते खा. भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. शाकाहारी असाल किंवा पथ्य असेल तर आधी कळवा, ताटावर बसल्यावर नको. पाणी गाळून, उकळून प्यायचं असेल तर त्याची सोय स्वतः करा, यजमानांच्या हंड्याकडे संशयाने बघू नका. मुलींनी काय घालावं हे तुमच्या गटप्रमुखाने ठरवण्याऐवजी पाळकांच्या पत्नीला विचारा.

सातवी पायरी: मुलं आणि फोटो

कुठलाही मोठा माणूस एकटा कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत नसावा. गटातल्या प्रत्येकाची ओळख आणि तुमच्या मंडळीच्या पाळकांचं पत्र यजमानांकडे द्या. त्यांच्या मुलांजवळ कोण येतंय हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, 'मंडळीतच मिटवू' ही भाषा चालत नाही.

फोटो पहिल्या दोन दिवसांत काढू नका. नंतर काढले तर विचारून, आणि मुलांचे त्यांच्या आई-बापांना विचारून. उघडी अंगं, शेंबडी नाकं, फाटके कपडे दाखवून देणग्या मागण्याचा प्रकार बंद झाला पाहिजे. तुमच्या धाकट्या बहिणीचा तसा फोटो अनोळखी माणसाने लावलेला तुम्हाला चालेल का? कुठला फोटो बाहेर जाईल हे शेवटच्या दिवशी पाळकांसोबत बसून ठरवा आणि बाकीचे तिथंच पुसा.

आठवी पायरी: परतल्यावर

रविवारी मंडळीत अहवाल द्याल तेव्हा 'आम्ही काय केलं' याला दोन मिनिटं द्या. बाकीचा वेळ त्या मंडळीबद्दल बोला: त्यांचा इतिहास, त्यांचे पाळक, त्यांची प्रार्थनेची मागणी. अहवालाचा मजकूर आधी त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारा, यात काही चुकलं आहे का. खर्चाचा हिशोबही त्यांना द्या, पै न पै.

महिन्याभराने एक फोन, ज्यात तुमचं काही काम नसेल. पाऊस कसा आहे, रोपणी झाली का, पत्रा बसला का. आणि एक प्रश्न पाळकांना नव्हे तर ज्या बाईंच्या घरी तुम्ही जेवलात त्यांना विचारा: आमच्यामुळे काय त्रास झाला? पहिल्यांदा त्या "काही नाही" म्हणतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सांगतील. त्यासाठी त्याच गावाशी नातं ठेवावं लागतं, दरवर्षी नवीन जागा शोधून चालत नाही.

त्यांनाही बोलवा. येण्या-जाण्याचं भाडं आधी पाठवा, राहण्याची सोय घराघरांत करा. 'आदिवासी नृत्य दाखवा' अशी फर्माईश करू नका. पाळकांना रविवारचा मुख्य संदेश द्यायला सांगा, पूर्ण वेळ, आणि मराठीत अडलं तर त्यांनी मावचीत बोलावं, दुभाष्या तुम्ही शोधा.

नातं खरं असेल तर हाक कार्यक्रमांच्या बाहेरही येते. त्यांच्या गावातलं कुणी परळच्या टाटा रुग्णालयात येतं, कुणाच्या मुलाला पुण्यात प्रवेश मिळतो आणि रूम मिळत नाही. अशा वेळी कुणाला फोन करायचा हे त्यांना माहीत पाहिजे. तुमच्या मंडळीतल्या दोन माणसांची नावं आणि नंबर यासाठी ठरवून द्या, एक पुरुष, एक बाई. रात्री अकराला फोन आला तरी उचलणारी, ओपीडीच्या रांगेत सकाळी सोबत उभी राहणारी, केसपेपर वाचून समजावून सांगणारी माणसं निवडा. तरुण संघाची मुलं कॉलेज संपलं की पांगतात, तेव्हा ही दोन नावं शहरात कायमच्या राहणाऱ्या, जरा वडीलधाऱ्या माणसांची असू द्या.